मदत हवी आहे: कामावर माझं ऐकलं जात नाही. बेळगावातच थांबू की कोल्हापूर गाठू?

नमस्कार मंडळी,

मी बेळगावची, वडगावात राहते. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात लागले. वाळूच्या साच्यात वितळलेला धातू ओतून आम्ही कास्टिंग बनवतो. क्वालिटी आणि सँड लॅब (साच्याची वाळू तपासायची लॅब) दोन्ही माझ्याकडे आहेत, आता पाचवं वर्ष चालू आहे. पगार वेळेवर होतो, घर जवळ आहे, रात्रपाळी नाही. त्यामुळे घरच्यांना माझं दुखणं कळतच नाही. "चांगली नोकरी आहे की, काय कमी आहे?" असंच विचारतात.

कमी काय आहे ते सांगते. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जून लागला की यार्डातली नवी वाळू भिजते. मिक्सरवरचा माणूस मात्र उन्हाळ्यात टाकायचा तेवढंच पाणी टाकतो. वाळूत ओल साधारण तीन ते चार टक्के असावी लागते. त्यापेक्षा वाढली की धातू ओतताना वाफ धरते आणि कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायूमुळे पडणारी पोकळ भोकं येतात. आमच्याकडे ओल मोजायची ती शिफ्टच्या सुरुवातीला, एकदाच. मी मध्येच जाऊन मूठभर वाळू आवळून बघायचे. हाताला चिकटली की ओल मोजायच्या स्पीडी टेस्टरमध्ये ती वाळू आणि कार्बाइड घालून रीडिंग घ्यायचे. दुपारनंतर काटा हमखास वर गेलेला असायचा. ही सगळी रीडिंग मी वेळेसकट रजिस्टरला लिहून ठेवली. वाळूवर ताडपत्री घाला आणि दर दोन तासांनी रीडिंग घेऊन पाणी ठरवा, एवढंच माझं म्हणणं होतं. सुपरवायझरना सांगितलं. "नोडोणरी, बघू" म्हणाले. सकाळच्या मीटिंगमध्ये सांगितलं तर विषय डिस्पॅचवर गेला.

नंतर बाहेरून एक कन्सल्टंट आले. माझं रजिस्टर चाळलं, यार्डात एक फेरी मारली आणि नेमकं हेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी ताडपत्री आली. रिजेक्शन कमी झालं आणि मीटिंगमध्ये त्यांचं कौतुक झालं. रजिस्टर कुणी ठेवलं होतं हे कुणी बोललं नाही. त्यावर कळस म्हणजे या वर्षीच्या इन्क्रिमेंटच्या कागदावर माझ्या नावापुढे शेरा आला: "पुढाकार कमी." तो वाचल्यापासून झोप नीट लागत नाही.

फ्लोअरवर इंजिनिअर म्हणून मी एकटीच बाई आहे. मीटिंग कन्नडमध्ये चालते. मला कन्नड येतं, मैत्रिणी कन्नडच आहेत, भाषेवर माझा अजिबात राग नाही. पण माझं वाक्य जुळेपर्यंत पुढचा विषय निघालेला असतो.

आता डोक्यात तीन वाटा आहेत. कोल्हापूरजवळ शिरोली किंवा गोकुळ शिरगावला फाउंड्रीत बघायचं, इथल्याच जिल्ह्यातल्या हत्तरगीच्या एरोस्पेसवाल्यांकडे अर्ज करायचा, नाहीतर राहिलेली डिग्री पुरी करायची. वडिलांचे माग आता जेमतेम चालतात आणि भाऊ बारावीला आहे, म्हणून पगार बंद पडून चालणार नाही. मला हे काम मनापासून आवडतं. नुसतं "सोडून दे" नको, आधी काय करावं ते सांगा.

प्रतिसाद (शिरोलीहून)

ताई, बरीच वर्षं फाउंड्रीत काढली आहेत म्हणून लिहितो. तुमचं निदान बरोबर होतं, याबद्दल मनात शंका ठेवू नका. आता एक करा. रजिस्टरमधल्या ओलीच्या टक्क्यांपुढे रिजेक्ट मालाचे रुपये मांडा. रिजेक्ट झालेलं कास्टिंग परत भट्टीत जातं म्हणून मालकाला वाटतं की माल कुठे गेला नाही. पण वितळवायची वीज गेली, कोअर (आतली पोकळी ठेवायला साच्यात बसवलेला वाळूचा गाभा) गेला, मोल्डिंगची आणि फेटलिंगची (कास्टिंग साफ करायची) मजुरी गेली. होल कस्टमरकडे मशीनिंग झाल्यावर उघडं पडलं तर त्याचं डेबिट येतं, म्हणजे कस्टमर पैसे कापतो, ते वेगळंच. गेल्या पावसाळ्यातले ताडपत्री येण्याआधीचे आणि नंतरचे आकडे एका पानावर शेजारी शेजारी मांडा. खाली तारीख आणि तुमचं नाव.

हे पान घेऊन मीटिंगमध्ये उभ्या राहू नका. सकाळची मीटिंग डिस्पॅचसाठी असते, तिथे कुणाचंच ऐकलं जात नाही. प्लांट हेडकडे पंधरा मिनिटं मागा आणि समोर बसून बोला. कन्नडमध्ये चार वाक्यं आधी लिहून मैत्रिणीकडून तपासून घ्या. शेऱ्याबद्दलही तिथेच विचारा, पण रडगाणं म्हणून नको. "पुढच्या वर्षी माझं कोणतं काम बघून शेरा देणार, ते लिहून द्या," असं सरळ म्हणा. बोलणं झाल्यावर काय ठरलं त्याचा दोन ओळींचा मेल त्याच दिवशी टाका.

त्यांना दिवाळीपर्यंत वेळ द्या, पण अर्ज आजपासूनच करा. आमच्याकडे आलात म्हणजे ऐकलं जाईलच असं नाही. इंटरव्ह्यूला आलात की विचारा, "रिजेक्शनची मीटिंग कोण घेतं आणि लॅबचा माणूस तिथे असतो का?" उत्तर द्यायला कुणी अडखळलं तर तिथे जाऊ नका. कुठेही गेलात तरी ते एक पान तुमच्या बायोडेटाला वजन देईल. फक्त कंपनीची ड्रॉइंग किंवा कस्टमरची नावं त्यात घेऊ नका.

प्रतिसाद

मी पगारपत्रकाचं काम करते. राजीनाम्याची घाई करू नका. कायम नोकरीत सलग पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो. साधारणपणे शेवटचा महिन्याचा बेसिक आणि डीए गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले वर्षं, असा हिशोब असतो. तुमचं पाचवं चालू आहे, म्हणजे हातातोंडाशी आलेला घास आहे. अपॉइंटमेंट लेटरवरची तारीख बघा, नोटीस किती दिवसांची आहे तेही त्यातच असेल. नोकरी बदलली तर पीएफ काढू नका, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) तोच ठेवून ट्रान्सफर करा. पीएफबरोबरच्या पेन्शनला दहा वर्षं लागतात, पेन्शनचे पैसे काढून घेतलेत तर ही वर्षं त्यात धरली जाणार नाहीत.

प्रतिसाद

डिग्रीबद्दल थोडं. डिप्लोमावाल्यांना कर्नाटकात डीसीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. महाराष्ट्रातही थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी वेगळी सोय आहे. बेळगावच्या बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. नियम आणि लागणारे दाखले महाराष्ट्राच्या सीईटी सेलच्या (प्रवेश बघणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या) माहितीपुस्तिकेत बघा. पण पूर्णवेळ कॉलेज म्हणजे पगार बंद, आणि भावाचं शिक्षण तोंडावर आहे. माझं मत विचाराल तर आत्ता नको. त्यापेक्षा नोकरी सांभाळून आयएसओ 9001 या गुणवत्ता मानकाच्या इंटर्नल ऑडिटरचं ट्रेनिंग करा. ऑडिटच्या दिवशी प्रश्न तुम्ही विचारता आणि बाकीच्यांना उत्तरं द्यावी लागतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. लेटर काढून बघितलं, पाच वर्षं ऑगस्टमध्ये पूर्ण होतात. तोवर राजीनामा नाही हे पक्कं. आई म्हणाली, बोलायला जातेस तर ते पान वडिलांना आधी वाचून दाखव, त्यांना कळलं तर साहेबांनाही कळेल.

शिरोलीच्या दादांना एक विचारायचं आहे. आमच्याकडे लहान ब्रॅकेटही आहेत आणि जड पंप हाऊसिंगही. ब्लोहोल जास्त हाऊसिंगमध्ये येतात. मग नुकसान किलोवर काढू की नगावर? हाऊसिंगला कोअर मोठा लागतो, त्यामुळे किलोवर काढलं तर खरा खर्च कमी दिसेल असं मला वाटतंय. शिवाय कस्टमरच्या डेबिट नोट अकाउंट्सकडे असतात. त्या मागताना कारण काय सांगू?