सीटी नॉर्मल, तरी इंजेक्शन?

"सीटी नॉर्मल आला, मग गुठळी विरघळवायचं इंजेक्शन कशाला?" पक्षाघाताच्या झटक्यात (ब्रेन स्ट्रोक) पडणारा हा प्रश्न आमच्याही घरात झाला होता. पहिल्या काही तासांत मेंदूचा साधा सीटी काढतात तो मुख्यतः रक्तस्राव नाही ना हे बघायला. ताजं रक्त त्यात पांढरं दिसतं. गुठळीमुळे रक्त न पोचलेला भाग मात्र सुरुवातीला बऱ्याचदा नेहमीसारखाच दिसतो. म्हणजे लक्षणं असताना सीटी स्वच्छ येणं ही उलट इंजेक्शनच्या बाजूची गोष्ट.

आमचे काका झोपेतून उठले ते तोंड वाकडं घेऊनच. चहाची बशी उजव्या हातात ठरेना. डॉक्टर एकच विचारत राहिले, "शेवटचे धडधाकट कधी दिसले?" काकू म्हणाल्या, रात्री अकराला. घड्याळ तिथून धरतात, उठल्यापासून नव्हे! इंजेक्शनची ४.५ तासांची मुदत केव्हाच संपलेली. मग एमआरआय केला. त्यातल्या डिफ्यूजनच्या चित्रात (इजा लवकर दिसते ते) डाग लख्ख, फ्लेअरमध्ये (इजा काही तासांनी दिसते ते) काहीच नाही. म्हणजे झटका बहुधा ताजा. २०१८ च्या 'वेक-अप' या वैद्यकीय संशोधनानंतर अशा रुग्णांनाही इंजेक्शन देतात, काकांनाही मिळालं.

मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर बहुतेकदा जांघेतून नळी घालून गुठळी ओढून काढतात, निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही. पण ही सोय सगळीकडे नसते, तेव्हा निघतानाच फोन करून विचारून घ्या. आणि घरचे हौसेने अ‍ॅस्पिरिन चारतात ते आधी थांबवा. आत रक्तस्राव असला तर?