म्हणे दादर युनियन-शिवाजी पार्क मॅचचं कौतुक पुरे!

ओलं_पिच
परवा नवा_बॉल यांनी इथं जे लिहिलंय ते वाचल्यापासून डोकं फिरलंय. ज्यांच्या नजरेतून सुटलं त्यांच्यासाठी: मुंबईच्या क्लबांची पावसाळी कांगा लीग म्हणजे चिखलात लोळणं, दादर युनियन विरुद्ध शिवाजी पार्क जिमखाना म्हणजे रिटायर्ड काकांच्या कट्ट्यावरच्या गप्पा, आणि या सगळ्यानं मुंबई क्रिकेटचं काही भलं झालं असं मानायला "पुरावा लागेल". वर एक दात काढणारा स्मायली.

अहो, ही लीग १९४८ साली सुरू झाली तीच मुळी भर पावसाळ्यात. विजय मर्चंटच्या डोक्यातली कल्पना, की इंग्लंडला गेल्यावर ओल्या विकेटवर आपली फजिती होते तर पोरांना घरीच सवय लावू. पिच उघडं, आउटफिल्डला गुडघ्याएवढं गवत, बॉल एकदा थांबून येतो, एकदा छातीवर उडतो, पुढचा घोट्यावर. त्यात बॅट ढिली धरायला, बॉल नाकाखाली येईपर्यंत थांबायला शिकलात तर टिकलात, नाहीतर अकरा वाजता पॅड सोडून भजी खायची. आणि एका दिवसात सगळं, ओव्हरचं बंधन नाही, आधी पहिल्या डावाची आघाडी घ्या, मग वेळ उरला तर समोरच्याला दुसऱ्यांदा गुंडाळा. म्हणजे कॅप्टनला डोकं लागायचं, डिक्लेअर कधी करायचं, आभाळ किती वाजता फुटणार, सगळा हिशोब.

आता त्यात एका बाजूला दादर युनियन, कॅप्टन माधव मंत्रींच्या शिस्तीतला, वासू परांजपेंच्या तालमीतला गावसकर, वेंगसरकर, समोर शिवाजी पार्कचे वाडेकर, फास्ट बॉलर रमाकांत देसाई, स्पिनर पॅडी शिवलकर, नंतर संदीप पाटील. हे टेस्टचं स्कोअरकार्ड नाही, क्लबची मॅच आहे! दोन्ही क्लबांच्या मैदानांत अंतर किती, तर चालत अर्धा तास. माझे वडील मला खांद्यावर बसवून दादर युनियनच्या, माटुंग्याच्या दडकर मैदानावर न्यायचे. स्कोअर एकही आठवत नाही. छत्र्या आठवतात. शिवलकर बॉलिंगला आला की पुढचे लोक छत्र्या मिटायचे, मागच्यांना दिसावं म्हणून, आणि भिजत उभे राहायचे. हा घ्या पुरावा.

नवा_बॉल
छत्र्या हा पुरावा. बरं.

काका, भावना पोचल्या. आता हिशोब करू. वाडेकर कॅप्टन असताना १९७१ ला आपण इंग्लंडमध्ये ओव्हलवर जिंकलो हे तुम्ही आता काढणारच, म्हणून आधीच सांगतो, ती मॅच चंद्रशेखरनं ३८ रनांत ६ काढून जिंकून दिली. चंद्रा कर्नाटकचा. तो कुठल्या चिखलात लोळला होता? आणि ओल्या विकेटची एवढी सवय होती तर १९७४ ला लॉर्ड्सवर १७ ओव्हरमध्ये ४२ ऑल आउट कसे झालो? गावसकर ५, वाडेकर ३. दादर युनियन आणि शिवाजी पार्क मिळून ८ रन.

दुसरं, आता टेस्टला पिच झाकतात. उघडं पिच जगात राहिलंय कुठं? जे पिच कधी भेटणारच नाही त्यासाठी पोरांचे पावसाळेच्या पावसाळे घालवायचे? उलट नुकसान होतं. गवतात बॉल अडकतो, कव्हर ड्राइव्ह कितीही सुंदर मारा, दोन रन. मग पोरं काय शिकतात, तर हवेत मारायला. आणि साधे मीडियम पेसर एका सीझनमध्ये ढिगानं विकेट काढून स्वतःला रमाकांत देसाई समजायला लागतात, मग ऑक्टोबरमध्ये कडक, बॅटिंगला सोप्या पाटा विकेटवर त्यांची कणिक तिंबली जाते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. खेळलोय मी. एफ डिव्हिजन, तळाकडचा गट.

ओलं_पिच
एफ डिव्हिजन! मग रागाचं कारण कळलं.

१९७१ ला इंग्लंडच्या ॲलन नॉटचा कॅच कोणी घेतला ते सांगा ना. एकनाथ सोलकर. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा, मैदानावरच वाढलेला. त्या ४२ मध्येही १८ नॉट आउट त्याचेच, बाकी कोणी दहापर्यंत पोचला नाही. आणि लॉर्ड्सच्या आधीची मॅच सोयीस्कर विसरलात. ओल्ड ट्रॅफर्ड, थंडी, पाऊस, तिथं गावसकरनं १०१ आणि ५८ केले. ते कुठून आले, कणिक तिंबून?

नवा_बॉल
म्हणजे चांगलं खेळला तर कांगा लीगमुळे, ४२ ला उडाले तर नशीब. असा न्याय असेल तर मी कशाला वाद घालू.

वऱ्हाडी_ठसका
मुंबईवाल्यांचा हा धागा दर पावसाळ्यात उगवते, बेडकासारखा. बावा, आमच्या विदर्भात ना कांगा ना दांगा. पाऊस आला का कवर टाकतो आन् घरी जाऊन झुणका भाकर खातो. तरी २०१७-१८, २०१८-१९ आन् २०२४-२५, तीन रणजी. शेवटच्या वेळी सेमीफायनलले कोणाले हरवलं ते मी नाही सांगत, तुमाले वाईट वाटन.

माटुंगा_रोड
आणि पहिल्या दोन वेळचा कोच कोण होता हो? चंद्रकांत पंडित. बॅटिंगला वसीम जाफर. दोघं कुठले? तुमची झुणका भाकर आमच्या पिठाची आहे.

वऱ्हाडी_ठसका
मंग ठेवाचे होते ना घरीच. कोणी बोलावलं तं आले ना ते.

माटुंगा_रोड
हे मात्र खरं बोललात. चांगला माणूस बाहेर घालवायची आमची जुनी परंपरा. पॅडी शिवलकर, फर्स्ट क्लासला ५८९ विकेट आणि एक टेस्ट नाही. एकसुद्धा नाही. २०२५ च्या मार्चमध्ये गेले तेव्हा सगळ्यांनी श्रद्धांजल्या लिहिल्या, हयात असताना एक कॅप देता आली नाही.

स्वीप_शॉट
टीममध्ये बिशनसिंग बेदी होता. बेदीला बसवून शिवलकर खेळवणार होतात?

माटुंगा_रोड
बेदी होता, मान्य. पण दोन लेफ्ट आर्म स्पिनर एकत्र खेळवायला कायद्यानं बंदी होती का? चार स्पिनर खेळवता तेव्हा काही नाही. जाऊ दे, यावर बोललो की बीपी वाढतं.

सोपारा_लोकल
तुमचे दोन्ही क्लब, गावसकर, छत्र्या सगळं थोर. आता माझं ऐका. मी नालासोपाऱ्याचा, नव्वदीतली गोष्ट. रविवारी सकाळी साडेपाचची गाडी. एवढी मोठी किटबॅग, पावसात भिजून तिचं वजन दुप्पट, दरवाजातले लोक शिव्या घालतायत, "ए सचिन, घरी ठेव ना बॅट". दीड तास उभं राहून आझाद मैदानावर पोचायचं तर तिथं तळं. अंपायर छत्री घेऊन पिचवर एक चक्कर मारणार, अंगठा दाबून बघणार, आणि दहा वाजता मॅच ऑफ. टॉससुद्धा नाही. परत दीड तास. एका सीझनला माझ्या सात रविवारी असं झालं. उरलेल्यात मी बारावा खेळाडू. क्लबचं नाव घेत नाही, पण त्यांचे सेक्रेटरी मला स्कोअरबुक द्यायचे आणि म्हणायचे, "तुझं अक्षर छान आहे रे". अकरात कोण? मैदानापासून दहा मिनिटांवर राहणारे. कोणी उशिरा उठला तरी टॉसला हजर.

तुम्ही म्हणता चालत अर्धा तास अंतर. तेच तर! ज्याला चालत जाता येतं त्यालाच ती लीग. ओल्या विकेटवर कसं खेळायचं हे शिकायला आधी विकेटपर्यंत पोचावं लागतं ना?

कल्याण_एंड
भाऊ, निदान तुमची गाडी चालू होती. आम्ही सेंट्रलवाले. कांगा लीग रविवारी आणि मेगाब्लॉकपण रविवारी! आणि तोही कुठं, माटुंगा-मुलुंड! म्हणजे दादर युनियनशी मॅच असली की माटुंग्याला गाडीच थांबणार नाही, पुढं दादरला उतरा, उलटे या, बॅग खांद्यावर. मी एकदा पॅड घालूनच गाडीत बसलोय, कारण उतरल्या उतरल्या बॅटिंगला जायचं होतं, तीन नंबर. लोक बघत होते मंगळावरून आल्यासारखं.

सोपारा_लोकल
सेंट्रलवाल्यांनी गर्दीबद्दल बोलू नये. विरार फास्टला एकदा किटबॅग घेऊन चढून दाखवा, मी माझी बॅट देऊन टाकतो.

कल्याण_एंड
विरार फास्टचं कौतुक तुम्हाला आयुष्यभर पुरणार आहे. तुमच्या रुळांवर पाणी साचतं तेव्हा बातमी होते, आमच्या कुर्ला-सायनला साचतं तेव्हा त्याला सोमवार म्हणतात.

लेडीज_फर्स्ट_स्लिप
तुम्ही दोघं पुरुष गर्दीत रडताय. मी ठाण्याहून लेडीज डब्यातून किटबॅग आणायचे. एकदा हँडल एका बाईंच्या अंबाड्यात अडकलं, मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत भांडण. शेवटी लगेजच्या डब्यात जायला लागले. तिथल्या कोळणींनी पहिल्या दिवशी विचारलं, "काय गं, काय इकते?" दुसऱ्या महिन्यापासून माझी जागा राखून ठेवायला लागल्या. पाट्यांच्या शेजारी बॅग, त्यामुळे पॅडना कायम बोंबलाचा वास, कीपर म्हणायची तू क्रीजवर आलीस की कळतं. पोरींना कांगा लीगसारखं काही नव्हतंच, मैदान मिळायचं ते मुलांची मॅच नसेल तेव्हा. त्यामुळे ओलं का कोरडं हा तुमचा लाडाचा वाद आहे.

ओलं_पिच
ताई, सलाम. पण विषय भरकटतोय, मेगाब्लॉकवर वेगळा धागा काढा.

सोपारा_लोकल
विषय भरकटत नाहीये, हाच विषय आहे! दादरच्या फ्लॅटमध्ये बसून छत्र्यांच्या आठवणी काढणाऱ्यांना तो भरकटल्यासारखा वाटणार. गेल्या काही वर्षांत मुंबईची पोरं आली कुठून बघा. पृथ्वी शॉ विरार. शार्दूल पालघर. त्यातलं कोण चालत येणार तुमच्या दडकर मैदानावर?

ओलं_पिच
दादरचा फ्लॅट? तोंड सांभाळून. परळच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं होतो. वडील गिरणीत सूत कातायच्या थ्रॉसल खात्यात. रात्रपाळी करून आले की न झोपता मला मॅचला न्यायचे, कारण फुकटात मिळणारी तेवढीच एक चैन होती. १९८२ च्या संपानंतर तीही गेली. ते मैदानावर यायचे बंद झाले, म्हणाले आता बघवत नाही, ती पोरं पांढऱ्या कपड्यात आणि मी बेकार. फ्लॅट म्हणे.

सोपारा_लोकल
सॉरी काका. हे माहीत नव्हतं. फ्लॅट मागे घेतो.
पण बारावा मागे घेत नाही.

नवा_बॉल
सगळे रडून झाले असतील तर माझ्या मूळ मुद्द्याला कोणी उत्तर देईल का? गवत. हवेत मारणं. पाटा विकेट.

स्वीप_शॉट
मी देतो. डी डिव्हिजनला अकरा सीझन काढलेत. गवतामुळे पोरं हवेत मारतात हे खरंय. पण हवेत मारून फील्डरच्या डोक्यावरून नेमकं कुठं टाकायचं हे शिकतात ना, त्यालाच तर आता टी ट्वेंटीत पैसे मिळतात. तुम्ही ज्याला वाईट सवय म्हणताय त्याला बोली लागते. आणि मीडियम पेसरबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर, मी स्वतः तसलाच. कांगाच्या एका मॅचला ७ विकेट, घरी कात्रण लावलंय. त्याच डिसेंबरला पाटा पिचवर माझ्या पहिल्या चार ओव्हरमध्ये ४१. कात्रण अजून आहे, ४१ चं कोणी लावत नाही.

नवा_बॉल
चला, एक तरी प्रामाणिक माणूस निघाला. आता मीपण एक कबूल करतो, काकांनी फार उड्या मारू नयेत. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली इनिंग १९ रनांची आहे. एफ डिव्हिजन, क्रॉस मैदान, शेजारच्या मॅचचा थर्ड मॅन आमच्या शॉर्ट लेगला खेटून उभा, पिच शेणकुटासारखं, आमचे ६३ ऑल आउट. दोन तास उभा होतो. दंडावर तीन ठिकाणी काळंनिळं. नंतर कोरड्या पिचवर सेंच्युरीपण मारली एकदा, ती कुणाला सांगावीशी वाटत नाही. पण म्हणून लीग पावसातच हवी हे सिद्ध होत नाही. त्यातून एवढंच दिसतं की मी वेडा आहे.

ओलं_पिच
१९! दोन तास! अहो मग परवा तो स्मायली कशाला टाकलात?

नवा_बॉल
कारण त्याच मॅचला आमच्या ओपनरचं नाक फुटलं आणि कॅप्टन म्हणाला, "मंत्री असते तर रुमाल बांधून परत पाठवलं असतं". त्या मंत्रींच्या नावाखाली दुसऱ्याच कोणी पोरांचे हाल करायचे, याचा राग आहे मला. दादर युनियनचा नाही.

माटुंगा_रोड
हे पटलं. नावं मोठ्यांची, माज सेक्रेटरींचा.

वऱ्हाडी_ठसका
आमच्याकडं माज नाही, ऊन हाये.

सोपारा_लोकल
माझा पोरगा यंदा पहिल्यांदा खेळतोय, ई डिव्हिजन. मी नको म्हणत होतो. पहिल्या रविवारी मॅच ऑफ, दुसऱ्या रविवारी शून्य. काल घरी आला तर चिखलानं ओळखू येईना, म्हणाला बाबा ४ केले पण ५० मिनिटं टिकलो. मी काही बोललो नाही. ताई, एक विचारायचं होतं, लगेजच्या डब्यात सकाळी किटबॅग घेऊन चढायचं तर कुठल्या बाजूला उभं राहावं? त्याचं दोनदा दादर चुकलंय.

लेडीज_फर्स्ट_स्लिप
चढल्या चढल्या बॅग उभी करायची, आडवी नाही. आणि आधी मावशींना विचारायचं, बॅग कुठं ठेवू. विचारलं की त्याच सांगतात, आणि दादर आलं की हाकपण मारतात.

कल्याण_एंड
ठाण्याच्या मावशी मारत असतील. आमच्या कल्याणच्या ढकलतात.