शब्दचर्चा : ‘सिंक स्पीड’ आणि ‘फिल फ्लॅश’ यांना मराठीत काय म्हणावे?

विचारणा

आमच्या तालुक्याच्या गावी चार मुले फिल्मचा कॅमेरा शिकत आहेत आणि त्यांच्यासाठी मी मराठीत टिपणे लिहितो आहे. ‘सिंक स्पीड’ला (फ्लॅश वापरताना चालणारा सर्वांत वेगवान शटर स्पीड) मी ‘समकालन वेग’ लिहिले आणि ‘फिल फ्लॅश’ला (उन्हातल्या सावल्या उजळण्यासाठी मारलेला फ्लॅश) ‘भर-फ्लॅश’. मुलांनी पहिल्याचा अर्थ ‘फ्लॅश किती वेगाने उडतो’ असा घेतला, तर दुसऱ्याचा ‘फ्लॅश पूर्ण ताकदीने मारणे’ असा. जाणकारांनी योग्य शब्द सुचवावेत.

प्रतिसाद

भाऊ, मुलांचे काहीच चुकलेले नाही. या दोन्ही शब्दांतून तेच अर्थ निघतात. पडदा उघडणे आणि फ्लॅश उडणे या क्रियांच्या जुळणीला समकालन म्हणण्यास माझी हरकत नाही, परंतु शटरच्या डायलवर वेगळ्या रंगात असलेला आकडा मर्यादा सांगतो, आणि मर्यादेचा अर्थ ‘समकालन वेग’ या शब्दात कुठेच नाही. शिवाय डायलवरचा ६० म्हणजे १/६० सेकंद; हा मुळात वेग नसून काळ आहे.

फोकल प्लेन शटरमध्ये, म्हणजे फिल्मच्या अगदी पुढे असलेल्या शटरमध्ये, दोन पडदे असतात : पहिला सरकून फिल्म उघडी करतो आणि दुसरा त्याच्या मागून येऊन ती झाकतो. त्यांची सरकण्याची गती ठरलेली असते, त्यामुळे काळ कमी हवा असेल तर दुसऱ्या पडद्याला लवकर निघावे लागते, आणि एका टप्प्यानंतर पहिला पलीकडे पोहोचण्याआधीच दुसरा वाटेला लागलेला असतो, म्हणजे फिल्मवरून केवळ एक फट सरकत जाते. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश साधारणपणे सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ पेटतो. त्या क्षणी फट जिथे असेल तेवढ्याच भागावर त्याचा उजेड पडतो.

पोळा फुटल्यावर, दिवेलागणीला, दारात आलेल्या बैलांना आई ओवाळत असताना मी पेंटॅक्स के १००० वर १/२५० ठेवून फ्लॅश मारला होता. रोल धुऊन आला तेव्हा चौकटीच्या एका कडेला उभ्या पट्टीत बैलाची झूल गोंड्यांसकट लख्ख उजळलेली होती आणि आरतीचे ताट धरलेली आई पूर्ण काळोखात होती. त्या कॅमेऱ्याचे कापडी पडदे आडवे सरकतात आणि त्याची मर्यादा १/६० आहे. निकॉन एफएममध्ये धातूची पाती उभी, म्हणजे ३६ ऐवजी २४ मिलिमीटर अंतर सरकतात; तिथे ती १/१२५ आहे. १९८२ च्या एफएम२ मध्ये ती १/२०० झाली आणि पुढे १/२५०.

यासाठी आपल्याकडे रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, तो म्हणजे उघडीप. ‘पावसाने दोन दिवस उघडीप दिली, डवरण उरकून घ्या’ असे म्हणताना आपण आभाळ मोकळे राहण्याचा काळच सांगत असतो. शटरही उघडीपच देते. म्हणून ‘शटर स्पीड’ला ‘उघडीप’ आणि ‘सिंक स्पीड’ला ‘पूर्ण उघडिपीची मर्यादा’ असे मी सुचवतो. यशिका मॅट १२४ जी या कॅमेऱ्याचे पातीचे शटर भिंगातच असते आणि ते १/५०० लाही पूर्ण उघडते. ‘याला उघडीप नेहमी पूर्णच असते’ एवढे सांगितले की तिथे फ्लॅशला मर्यादा का नाही, हे मुलांना आपोआप कळेल.

आता ‘भर’. ‘भर घालणे’ यातली भर नेमकी आहे, कारण ऊन असतेच आणि फ्लॅश त्यात थोडी भर घालतो. पण शब्दाच्या आधी ‘भर’ लावला की अर्थ पूर्णत्वाकडे झुकतो : भरदुपार, भरपेट. ‘भरीचा फ्लॅश’ म्हणावे, तर ‘भरीचा’ हा अनावश्यक गोष्टीला लागणारा शब्द आहे. टिपणांत ‘पूरक फ्लॅश’ लिहावे.

प्रतिसाद

मला ‘जोड’ हा शब्द सुचतो. शेतीला जसा जोडधंदा, तशी उन्हाला फ्लॅशची जोड. मात्र ‘जोडफ्लॅश’ म्हटल्यास दोन फ्लॅश वाटतील, हे मान्य आहे.

प्रतिसाद

समजावून सांगताना ‘उन्हाला जोड’ हे फारच चांगले आहे, कारण मुख्य काय आणि दुय्यम काय हे त्यात येते. वैशाखातल्या लग्नात नवरदेवाच्या बाशिंगाची सावली थेट डोळ्यांवर येते. १०० आयएसओची फिल्म, १/१२५ आणि एफ/१६ (एफचा आकडा वाढतो तसे भिंगाचे छिद्र लहान होते) हे उन्हाचे माप झाले. गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा; त्याला एफच्या आकड्याने भागले की मीटरमध्ये अंतर मिळते) २८ असलेला फ्लॅश त्या छिद्राला पावणेदोन मीटरवरून उन्हाची बरोबरी करतो आणि चेहरा चिकटवल्यासारखा दिसू लागतो. अडीच मीटरवर गेल्यास तो उन्हाच्या निम्मा राहतो, डोळे दिसतात आणि सावली सावलीच राहते. मर्यादा १/६० असलेल्या कॅमेऱ्यात उघडीप दुप्पट, म्हणून याच कामासाठी एफ/२२ लागते आणि अंतर १.८ मीटरवर येते. पूर्ण उघडिपीची मर्यादा आणि पूरक फ्लॅश हे दोन शब्द म्हणूनच टिपणात शेजारी असावेत.

भाऊ, मुलांना आधी हे दाखवावे : रोल नसताना कॅमेऱ्याचे मागचे झाकण उघडावे, पांढऱ्या भिंतीकडे फ्लॅश मारावा आणि मागून पाहावे. के १००० वर ६० ला पूर्ण चौकट उजळलेली दिसते, १२५ ला तिचा एक भाग झाकलेला असतो.