साधी रात्रगाडीच घ्या

चीनच्या कान्सू प्रांतात शिकवायला जाताना बुलेट ट्रेन घ्यावी की रात्रीची साधी गाडी, असा प्रश्न आहे. माझं मत साध्या गाडीला. मी बीजिंगहून कान्सूच्या राजधानीला, लांजोला, तशीच गेले. हार्ड स्लीपर म्हणजे आपला थ्री टिअरच, फक्त गादी, उशी, पांघरूण मिळतं. कप्प्यात सहा बर्थ, दार नाही. खालचा बर्थ महाग, सगळ्यात वरचा स्वस्त, पण तिथे ताठ बसता येत नाही. डब्याच्या टोकाला उकळतं पाणी मिळतं, त्यामुळे झाकणाचा स्टीलचा मग न्याच.

समोरच्या आजींनी त्या मगात आपल्या डबीतली चहापत्ती टाकली आणि माझ्या वहीत 'लाओशी', म्हणजे शिक्षक, ही दोन अक्षरं सावकाश काढून दाखवली. शाळेत पोचण्याआधीच मुलं मला काय हाक मारणार ते कळलं!

गाडी शिजियाझुआंगला थांबली तेव्हा मी खिडकीशी उभी राहिले. युद्धात चिनी जखमींवर उपचार करणाऱ्या, सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी याच शहरात आहे. जमलं तर तिथे एक दिवस उतरा.

तिकिटासाठी मूळ पासपोर्ट लागतो. आणि बिनपगारी असलं तरी पर्यटक व्हिसावर शिकवायला जाऊ नका, संस्थेकडून आधी रीतसर निमंत्रणपत्र मागवून घ्या.