घरी बाळंतपण झालं तर अनुदान बंद करायचं?

रानवाट: शेजारच्या धाग्यात 'पश्चिमघाट' लिहितात, "मेळघाटात बाळं दगावतात ती घरीच बाळंत होण्याच्या हट्टापायी. दवाखान्यात न येणाऱ्या बाईचं रेशन आणि बाळंतपणाचं अनुदान बंद करा." वाचून संताप झाला, म्हणून सविस्तर लिहिते.

मेळघाटातल्या धारणीकडच्या ढाण्यांवर, म्हणजे छोट्या आदिवासी वस्त्यांवर, मी राहिलेय. आरोग्य केंद्राजवळ माहेरघर आहे, तारखेआधी येऊन राहता येतं. पण घरची लहान पोरं कोण सांभाळणार? सोबत आलेल्या सासूची मजुरी बुडते ती कोण देणार? अनुदान तोडलंत तर बाई बाळंतपण लपवेल, मग आशालाही कळायचं नाही. आणि दगावणारी कितीतरी बाळं पहिल्या महिन्यातच जातात, दवाखान्यातून घरी आलेलीसुद्धा. गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवलं: बाळाचं वजन, ऊब, न्यूमोनिया ओळखणं, वेळ पडली तर इंजेक्शन. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्यासाठी कुणाचं रेशन तोडावं लागलं नाही.

पश्चिमघाट: बाळाचं ठीक. आईचं काय? माझ्या मावसबहिणीला बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबेना. शहरात होती, रक्त लगेच मिळालं म्हणून वाचली. ढाण्यावर ती इंजेक्शन शिकलेली बाई काय करणार होती? बंगांचं नाव निघालं की इथे सगळे माना डोलावतात.

लेक_माहेरची: बंद कसलं करताय, मिळतंय कुणाला? वहिनीचं आधार माहेरच्या नावाचं, पासबुक सासरच्या. बाळंतपणाला पैसे देणाऱ्या केंद्राच्या मातृवंदना योजनेचा अर्ज परत. नाव बदलायला लग्नाचा दाखला हवा, लग्न नोंदवलेलंच नाही. पोरगं चालायला लागलं, पैशांचा पत्ता नाही. अन्न सुरक्षा कायद्यात २०१३ पासून किमान ६००० लिहिलेत, पहिल्या मुलाला देतात ५०००. तमिळनाडूत १८००० ची योजना आहे.

दप्तरदार: अर्धवट माहिती. दवाखान्यातल्या बाळंतपणासाठीच्या जननी सुरक्षा योजनेचे धरून ६००० होतात. आणि लग्न नोंदवायला कुणी अडवलं होतं? मी याच टेबलावर बसतो. नाव न जुळता पैसे सोडले आणि भलत्याच खात्यात गेले, की शिव्या आम्हालाच.

लेक_माहेरची: आपल्याकडे खेड्यात जननी सुरक्षेचे ७०० मिळतात. ५००० आणि ७०० किती होतात ते टेबलावर बसूनच मोजा. नवव्या महिन्यात बाईने तालुक्याला खेटे घालायचे, तेही तुमच्या टेबलासाठी!

दप्तरदार: बेरीज तुमची बरोबर, बस? नियम मी केलेले नाहीत.

आशा_सांगली: नावांचं भांडण संपलं असेल तर माझंही ऐका. ४२ दिवसांत सहा गृहभेटी, वजन, ताप, नोंदी, त्याचे २५० रुपये. रात्री बाईला घेऊन दवाखान्यात गेले तर टेकायला बाकडं नाही. रानवाट, तुम्ही सांगता ते गडचिरोलीचं काम आता राज्यभर आमच्याकडून करून घेतात. तिथल्या बायांच्या पाठीशी शिकवणारं, विचारणारं माणूस होतं. आमच्याकडे रजिस्टर तपासणारं आहे.

रानवाट: ताई, हे मी लिहायला हवं होतं. पश्चिमघाट, रक्तस्रावाला रक्त आणि शस्त्रक्रियेचीच सोय लागते, यावर वाद नाही. मग धारणीत भूलतज्ज्ञ आणि रक्तसाठा कायम हवा, ही मागणी करा. बाईच्या ताटातलं कशाला काढता?

पश्चिमघाट: बरं, रेशनचं मागे घेतो. अनुदानाचं नाही. जननी सुरक्षेत दारिद्र्यरेषेखालच्या बाईला घरी झालं तर ५००, दवाखान्यात ७००. दोनशे रुपयांसाठी कोण घाट उतरेल? हा फरक तरी वाढवा, सासूची मजुरी निघेल इतका.