मदत हवी आहे: विकिपीडियाचं जुनं संदर्भ-साधन पुन्हा चालू करायचंय, पण त्यातला ‘ळ’ हरवू न देता

खडेबाजार_डीटीपी:

नमस्कार मंडळी. माझं बेळगावात डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांती, निवडणूक आली की पत्रकं. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. प्रोग्रामर नाही. जावास्क्रिप्ट वाचून अंदाज बांधता येतो, लिहायला बसलो की घाम फुटतो. हे आधीच सांगतो, म्हणजे उत्तर त्या बेतानं द्याल.

आम्ही तीन-चार जण मराठी विकिपीडियावर आमच्या भागातल्या लेखांत भर घालतो. हलशीचं भूवराह नरसिंहाचं देऊळ, किल्ल्यातली कमल बस्ती, कणकुंबीचा मलप्रभेचा उगम, नंदगड, टिळकवाडीतली काँग्रेस विहीर वगैरे. मजकूर लिहायला कंटाळा येत नाही, संदर्भ द्यायला येतो. म्हणून आमच्यातल्याच एकानं दहा-बारा वर्षांपूर्वी कॉलेजात असताना एक साधन लिहिलं. दुवा चिकटवायचा, बटण दाबायचं, संदर्भाचा साचा भरून समोर. त्याचे दोन तुकडे होते. एक त्याच्या सदस्यपानाखालच्या उपपानावरची स्क्रिप्ट आणि दुसरा टूलफोर्जवरचा, म्हणजे अशी साधनं चालवायला विकिमीडिया देते त्या सर्व्हरवरचा, पीएचपीचा तुकडा. बातमीचं पान हा दुसरा तुकडा आणून द्यायचा, कारण एका संकेतस्थळावरच्या स्क्रिप्टला दुसऱ्याचं पान सरळ वाचू द्यायला ब्राउझर तयार नसतो.

२०१८ मध्ये मीडियाविकीतून (विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) संपादन खिडकीची जुनी टूलबार गेली, तिच्याबरोबर आमचं बटण गेलं. त्यानं डाव्या रकान्यात दुवा टाकून दिला, तसं चालवलं. मग तो नोकरीला बेंगळूरला गेला. मार्च २०२४ मध्ये टूलफोर्जचं जुनं ग्रिड इंजिन, म्हणजे टूल्स चालवणारी यंत्रणा, बंद झालं. सगळ्यांनी आपापली टूल्स कुबरनेटीस या नव्या यंत्रणेवर न्यायची होती. सूचनेचे मेल त्याच्या कॉलेजच्या पत्त्यावर गेले असणार आणि तो पत्ता त्यानंच उघडायचा सोडून दिलेला. तेव्हापासून बटण दाबलं की चकती फिरते, फिरते आणि गप्प बसते.

फोन केला. म्हणाला, “अरे घे की. मी कुठं बघायलोय आता ते. सगळं तुझंच.” पण पासवर्ड त्याला आठवत नाही, सर्व्हरमध्ये शिरायची एसएसएचची किल्ली ज्या लॅपटॉपात होती तो विकला. म्हणजे आशीर्वाद आहे, किल्ली नाही.

आता कुणीतरी म्हणणारच की सायटॉइड (दुव्यावरून संदर्भ भरून देणारी विकिपीडियाचीच सेवा) आहे, तो वापरा. वापरला. इंग्रजी दैनिकाचा दुवा दिला की अगदी सुबक संदर्भ देतो. पण आमच्या गड्याच्या साधनात आठ-दहा वर्षं खाल्लेल्या ठेचांचा जो माल आहे, तो त्यात नाही. नमुने दाखवतो.

मराठीतली बरीच छोटी पोर्टलं वर्डप्रेसवर असतात आणि भाषेची सेटिंग कुणी बदललेली नसते. पानाच्या पोटात भाषा लिहिलेली असते अमेरिकन इंग्रजी. सायटॉइड बिचारा तेच उचलतो. आमचं साधन शीर्षकात नागरी आहे का बघायचं आणि त्यात ‘ळ’ सापडला की मराठी ठरवायचं, कारण हिंदीत ‘ळ’ सहसा येत नाही. हिंदीवाले आमच्या गावाला बेलगाम लिहितात. (तसं ते अगदीच खोटं नाही, शनिवारी खडेबाजारात गाडी घालून बघा.)

दुसरं, शके. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनावर लिहिताना एक जुनी पुस्तिका संदर्भाला घेतली होती. मुखपृष्ठ गेलेलं, आतल्या पानावर छापलंय ‘शके १८४६’. पहिल्या आवृत्तीत साधनानं बिनदिक्कत वर्ष १८४६ भरलं. बेळगावात गांधीजी अध्यक्ष होते आणि त्याचा पुरावा म्हणून दिलेलं पुस्तक गांधीजींच्या जन्माआधी २३ वर्षं छापलेलं! ते दोन महिने तसंच राहिलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. मग त्यानं ७८ मिळवायचा नियम घातला.

तिसरं आणि माझ्या जिव्हाळ्याचं, गावाचं नाव. जुन्या पुस्तकांवर प्रकाशनस्थळ ‘बेळगांव’ असतं, अनुस्वारासकट. १९६२ च्या नियमांनंतरच्या पुस्तकांवर ‘बेळगाव’. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर ‘बेळगावी’. मध्यंतरी एका उत्साही सदस्यानं सगळं एकाच नावावर आणायची सूचना केली आणि पंधरा दिवस जे काय झालं ते झालं. आमच्या साधनाचा नियम साधा होता. पुस्तकावर जे छापलंय ते तसंच ठेवायचं आणि आतल्या आत तिन्ही नावं एकच गाव आहेत एवढं ओळखायचं, म्हणजे एकच पुस्तक तीनदा यादीत पडत नाही. हा तक्ता त्या पीएचपीत एका लांबलचक इफ-एल्सच्या रांगेत पुरलेला आहे.

विनोदही आहेत. लेखकाचं आडनाव म्हणजे शेवटचा शब्द, हा मूळ नियम. त्यामुळे एका स्मरणिकेचे लेखक ‘मंडळ, संपादक’ असे नोंदवले गेले. कुणी बंगाली गृहस्थ वाटतात.

माझे प्रश्न. जुना पीएचपी आहे तसा कुबरनेटीसवर चढवावा, की तो सोडून सायटॉइडकडून माहिती घेऊन आमचे नियम वरून लावावेत? सोडलेलं टूल दत्तक घेता येतं असं ऐकलंय, किल्ली नसताना ते कसं करायचं? आणि त्याच्या उपपानावरची स्क्रिप्ट मी बदलू शकत नाही, तर काय करू? लग्नसराई संपलीये, रात्री दोन तास देऊ शकतो.

---

सेमीकोलन:

प्रश्न नीट मांडलात, निम्मं काम झालं. थोडं मोठं लिहितो.

पीएचपी चढवू नका. तुमच्या वर्णनावरून तो पीएचपी ५ च्या काळातला आहे. डेटाबेसशी बोलणारी त्या वेळची मायएसक्यूएल फंक्शन्स पीएचपी ७ मध्ये काढूनच टाकली. दुरुस्त करत बसाल तर महिना जाईल आणि हातात पुन्हा २०१२ सालचं पान-आणणारं येईल. बातम्यांची कितीतरी संकेतस्थळं आता सर्व्हरवरून आलेली विनंती दारातच अडवतात. ती डोकेदुखी सायटॉइडच्या गळ्यात घाला. तो आतून झोटेरो या संदर्भ-सॉफ्टवेअरचे अनुवादक वापरतो, म्हणजे संकेतस्थळागणिक माहिती कुठून उचलायची याचे छोटे जावास्क्रिप्टचे तुकडे. एखाद्या मराठी दैनिकाचं पान तो नेहमी चुकीचं वाचत असेल तर वेब-टू-सिट बघा. त्यात त्या त्या डोमेनसाठी नियम लिहून ठेवता येतात, प्रोग्रामर असावं लागत नाही.

मग तुमच्याकडे उरतो तो फक्त मराठी माल. तो इफ-एल्समधून बाहेर काढा आणि वेगळ्या जेसन पानावर (साध्या मजकुरात मांडलेल्या तक्त्याचं पान) ठेवा. गावांची नावं, महिन्यांची नावं, ‘आडनाव समजू नये’ असे शब्द. म्हणजे उद्या तुमच्यातला कुणीही कोडला हात न लावता त्यात भर घालू शकेल.

आणि एक ओळही लिहायच्या आधी हे करा. साधनानं संपादन-सारांशात काही ठरावीक मजकूर टाकला असेल. त्यावरून जुनी संपादनं शोधा, त्यातले चाळीस-पन्नास संदर्भ उचला, काय दिलं होतं आणि काय मिळायला हवं अशा दोन रकान्यांत लिहून ठेवा. शके, संपादक मंडळ, तिन्ही बेळगावं, सगळं त्यात घ्या. नवं साधन या यादीवर चालवून बघत जायचं. ही यादी तुम्हीच करू शकता, मी नाही.

उपपानाचं असं आहे, दुसऱ्याच्या सदस्यपानाखालची जावास्क्रिप्ट २०१८ पासून फक्त तो स्वतः किंवा इंटरफेस प्रचालक (स्क्रिप्ट बदलायचा खास अधिकार असलेला सदस्य) बदलू शकतो. त्यामुळे तुमच्या स्वतःच्या उपपानावर प्रत घ्या आणि पहिल्याच संपादन-सारांशात मूळ पानाचा दुवा व त्याचं सदस्यनाव द्या. विकीच्या पानावरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यात असतो, श्रेय दिलंत की झालं. टूलफोर्जचं दत्तकविधान असतं हे खरं, त्यासाठी आधी मूळ माणसाला सूचना द्यावी लागते, मग अर्ज. पण पीएचपी टाकायचाच असेल तर ते कशाला? फक्त तो तक्ता बाहेर काढण्यापुरता कोड हवाय.

---

निपाणीकर:

ओ खडेबाजार, मी तुमचं ते साधन वापरलंय! एक तक्रार तेव्हाच करायची राहिली होती. मराठी मथळ्यांचे लांब दुवे अर्ध्यात तुटायचे. उघडले की पान सापडत नाही.

---

सेमीकोलन:

@निपाणीकर, पैज लावतो, डेटाबेसात दुव्याच्या रकान्याला २५५ ची मर्यादा असणार. नागरीतलं एक अक्षरचिन्ह युटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरं साठवायची पद्धत) ३ बाइटांचं आणि दुव्यात टक्क्यांच्या खुणा लावून लिहिलं की ९ अक्षरांचं होतं. म्हणजे अठ्ठावीस-एकोणतीस चिन्हांतच मर्यादा संपली, त्यात काना-मात्रासुद्धा वेगळे मोजायचे. इंग्रजी दुव्यांवर तपासून बघणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही.

---

म्हापसेकर:

मी गोव्यातून. तुमच्या ‘ळ’ च्या नियमावर माझा जुना राग आहे. ‘ळ’ कोंकणीतही आहे हो! गोव्यातल्या कोंकणी बातम्यांचे संदर्भ ‘भाषा: मराठी’ म्हणून लागलेले मी स्वतः हातानं बदललेत. शेजारी असून एवढंही लक्षात येऊ नये?

---

खडेबाजार_डीटीपी:

@म्हापसेकर, कान पकडले. नियम करताना आम्ही तिघंही डोळ्यांपुढे फक्त हिंदी घेऊन बसलो होतो. तुम्हीच सांगा, कोंकणी ओळखायची कशी?

@निपाणीकर, कोड उघडून पाहिला. २५५ च आहे. सेमीकोलनना एक पुडा कुंदा लागू.

---

म्हापसेकर:

मथळ्यावरून नेहमी जमणार नाही, पहिला परिच्छेद घ्या. ‘आहे’ आणि ‘आणि’ दिसलं तर मराठी, ‘आसा’ आणि ‘आनी’ दिसलं तर कोंकणी. दोन्ही नसेल तर माणसाला विचारा, अंदाज मारू नका.

---

सेमीकोलन:

हे उत्तम. फक्त एक खड्डा आहे. जावास्क्रिप्टची शब्दसीमेची नेहमीची खूण नागरी अक्षरांना शब्द मानतच नाही, त्यामुळे ‘आसा’ शोधायला गेलात तर काहीच सापडणार नाही. युनिकोड लिपीनुसार शोधायची नवी पद्धत वापरा, ती आता सगळ्या ब्राउझरांत चालते. आणि ‘माणसाला विचारा’ हे ‘शके’लाही लावा. आधी ‘शके’ लिहिलेलं असेल तरच ७८ मिळवा. नुसतं १८४६ असेल तर खिडकीत विचारा, कारण ते खरोखरच इसवी सन असू शकतं. शिवाय शक चैत्रात सुरू होतं. तेव्हा १९२४ असं एकच वर्ष न देता १९२४-२५ द्या, महिना माहीत असेल तर गोष्ट वेगळी.

---

वाचनालयातली_ताई:

तांत्रिक कळत नाही, पण पुस्तकांचं थोडं बोलते. आयएसबीएन टाकलं की सगळं आपोआप भरेल यावर अवलंबून राहू नका. आमच्याकडच्या कपाटात निम्म्याहून जास्त पुस्तकांवर तो आकडाच नाही. गावातल्या मुद्रणालयात छापलेल्या स्मरणिका, संस्थांचे अहवाल, देणगीदारांच्या यादीसकट निघालेली चरित्रं. तिथे हाताने भरायचा फॉर्म चांगला हवा आणि त्यात ‘मुद्रक’ असा रकाना हवा. कित्येकदा प्रकाशकाचं नाव नसतं, मुद्रणालयाचं असतं. आणि कन्नड पुस्तक असेल तर नाव कन्नड लिपीत, खाली नागरीत, खाली अर्थ, असं तिन्ही द्यायची सोय ठेवा. नुसतं नागरीत लिहिलेलं कन्नड नाव घेऊन कुणी आमच्याकडे आला तर मला पुस्तक सापडत नाही.

---

खडेबाजार_डीटीपी:

ताई, मुद्रकाचं मनावर घेतो, मी स्वतः त्याच धंद्यातला. साच्यात तसा स्वतंत्र रकाना दिसला नाही, तूर्त टीप म्हणून टाकेन. कन्नड लिपीतल्या शीर्षकासाठी मात्र साच्यात वेगळी जागा आहे, आम्हीच ती कधी वापरली नव्हती.

इथवरची खबर. सदतीस संदर्भांची यादी झाली, दोन रकान्यांत. करताना कळलं की त्यातले सहा आम्ही तेव्हाच चुकीचे दिले होते, साधनाचा काही दोष नव्हता. ते लेखांत जाऊन दुरुस्त केले. गावांचा तक्ता जेसन पानावर आला. सायटॉइडला विनंती करणारी पंधरा ओळींची स्क्रिप्ट सेमीकोलननी निरोपातून पाठवली, ती माझ्या उपपानावर चढवली. काल रात्री पहिल्यांदा चालली. सदतीसपैकी एकवीस बरोबर.

उरलेल्यांत सगळ्यात चमत्कारिक हे. ‘दुसऱ्या’ हा शब्द एका दुव्यात एका तऱ्हेनं टंकलेला आहे, दुसऱ्यात दुसऱ्या. डोळ्यांना फरक शून्य, पण साधन दोन वेगळी पुस्तकं समजतं. पत्रिका लावताना हा अर्धा ‘र’ मला रोज छळतो, इथेही आलाच. एकात जोडणारं अदृश्य अक्षर घालून केलेला ‘र’ आहे, दुसऱ्यात मुळातला वेगळा ‘ऱ’. तुलना करण्याआधी दोन्ही एकाच रूपात आणायचे आहेत, पण युनिकोडच्या तयार सामान्यीकरणानं ते होत नाहीत, करून पाहिलं. स्वतःच बदलायचं तर नेमकं कुठल्या टप्प्यावर? छापलेलं शीर्षक मला जसंच्या तसं ठेवायचंय.

---

सेमीकोलन:

शीर्षकाला हात लावू नका. फक्त तुलनेसाठी त्याची एक प्रत करा, तिच्यात अदृश्य जोडणारं काढा, ‘ऱ’ चा ‘र’ करा, ‘बेळगांव’चा अनुस्वारही तिथेच घालवा. जुळतंय का ते त्या प्रतीवर बघा आणि प्रत फेकून द्या. लेखात मूळच जाईल. रात्री नऊनंतर ऑनलाइन आहे, सोळाच्या सोळा चुका एकत्र बघू.