मदत हवी आहे: बिवा सरोवराचा उत्तर काठ, गाडीशिवाय

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई आणि मी जपानला शिगा प्रांतात जातोय. नागाहामात तीन रात्रींचं बुकिंग झालंय. क्योतोची गर्दी नको, म्हणून मुद्दाम हा शांत भाग निवडला.

आईला सरोवरातल्या चिकुबु बेटावरचं होगोनजी मंदिर बघायचंच आहे. तिथली देवी बेन्झाइतेन म्हणजे मूळची आपली सरस्वती. पायऱ्या १६५ आहेत. आई थांबत थांबत चढेल, त्याची काळजी नाही.

मला त्याच दिवशी सुगाउरा गावही गाठायचंय. गवताने शाकारलेली जुनी वेस आणि जिथे चपला काढून चढतात ते देऊळ, दोन्ही बघायचीच आहेत. बेत असा: नागाहामाहून सकाळची बोट, बेटावरून पलीकडे इमाझू, तिथून रेल्वेने नागाहारा, पुढे बस. बोटीचं आणि रेल्वेचं वेळापत्रक जुळतंय. अडतंय ते बसवर. फेऱ्या मोजक्याच, आणि शेवटची चुकली तर अंधारात अडकू. गाडी आम्ही चालवणार नाही. जेवण शाकाहारी, डबा सोबत असेल.

हा प्रवास कोणी प्रत्यक्ष केलाय का? परतीसाठी नागाहारा स्टेशनवर टॅक्सी उभी असते का, की आधी सांगून ठेवावी लागते? की सुगाउरासाठी दुसरा दिवसच ठेवू?